ताप नाही, तरी रक्त कशाला तपासायचे?

आपण एक घर कल्पून पाहू. मुळशी तालुक्यातली एखादी वाडी, पौडपासून बरीच आत. घरात म्हातारी आई, मुलगा, सून, दोन लेकरे, दीड-दोन एकर भाताची खाचरे आणि दोन म्हशी. मुलाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. वर्षभर आठवड्यातून दोन-तीनदा पुण्याला जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घेतले. शेवटी आईने आपले एक मूत्रपिंड त्याला दिले. शस्त्रक्रिया नीट पार पडली, मुलगा हिंडू-फिरू लागला, लावणीच्या दिवसांत बांधावर उभा राहून माणसांना हाका मारू लागला. आणि नेमका तेव्हाच रुग्णालयातून निरोप आला, "रक्त तपासायला या."

मुलगा म्हणतो, "आई, मला ताप नाही, खोकला नाही, दोन भाकरी खातो. ऐन लावणीत कशाला पुण्याला जायचे? त्या तपासणीला पैसेही काही हजार लागतात." आईलाही ते पटते. आपल्याकडे रीतच अशी आहे की दुखले तर दवाखाना, न दुखले तर काम.

घर कल्पनेतले असले तरी अडचण खरी आहे. मूत्रपिंड बदललेली, कर्करोगाची औषधे घेणारी, एचआयव्हीच्या गोळ्यांवर असलेली माणसे आता केवळ शहरात नाहीत, गावोगाव आहेत. या माणसांच्या बाबतीत "काही होत नाही" ही खूण भरवशाची राहत नाही. ती का राहत नाही, हे समजले की रक्त तपासण्यामागचे कारणही समजते.

वाडीवरचे कुत्रे रात्री भुंकते तेव्हा आपण कंदील घेऊन बाहेर येतो. ते गप्प असले की निवांत झोपतो. आपल्या शरीरातही असे राखणदार असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि त्यांनी तयार केलेली प्रतिद्रव्ये. रोगजंतू आत शिरला की ते तुटून पडतात, आणि त्या झटापटीतून ताप, अंगदुखी, सूज उत्पन्न होते. ताप म्हणजे बहुतेक वेळा राखणदाराचे भुंकणे.

आता आईचे मूत्रपिंड मुलाच्या पोटात बसवले, तरी मुलाच्या राखणदारांना ते परकेच वाटते. आपल्याच रोपाला तण समजून उपटावे, तसे ते त्याच्यावर धावून जातात. जगातले पहिले यशस्वी मूत्रपिंड रोपण १९५४ साली अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी केले, ते जुळ्या भावांमध्ये. दोघे अगदी एकसारखे जुळे होते म्हणून राखणदारांना फरक कळला नाही. इतरांसाठी राखणदारांना गुंगी देणारी औषधे शोधावी लागली. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली हे रोपण यशस्वी झाले. आज रुग्णाला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन अशा गोळ्या देतात आणि त्यांपैकी काही जन्मभर घ्याव्या लागतात. म्हणजे कुत्र्याला गुंगीचे औषध आपणच घातले आहे. आता ते भुंकले नाही म्हणून चोर आला नाही, असे कोण म्हणेल?

पुष्कळांना वाटते की रक्त तपासले म्हणजे सगळे कळले. तसे नाही. विषाणूसाठी रक्त तपासण्याच्या मुख्यतः दोन तऱ्हा आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक तऱ्हा प्रतिद्रव्ये शोधण्याची. तीत विषाणूचा शोध घेत नाहीत, राखणदाराने त्याच्याशी सामना केल्याची खूण शोधतात. दुसरी तऱ्हा खुद्द विषाणू शोधण्याची आणि मोजण्याची. धडधाकट माणसात पहिलीने बरेच काम भागते. पण ज्याचे राखणदार गुंगीत आहेत तो प्रतिद्रव्ये उशिरा तयार करील, थोडी करील, कदाचित करणारही नाही. तिथे पहिली तपासणी 'नाही' म्हणाली, तर त्या नाहीला फारशी किंमत नसते.

हा फरक आपण सर्वांनी एकदा पाहिलेला आहे. २०२० साली करोनाच्या दिवसांत नाकात काडी घालून केलेली आरटी-पीसीआर तपासणी दुसऱ्या तऱ्हेची, आणि पुढे "तुम्हाला करोना होऊन गेला का" हे पाहण्यासाठी बोटाचे किंवा शिरेचे रक्त घेत ती पहिल्या तऱ्हेची. देशातला करोनाचा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळात ठरला, तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या तपासणीवरून. ही संस्था आपल्याला लांबची नाही. १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून ती पुण्यात सुरू झाली आणि १९७८ साली तिला आजचे नाव मिळाले. मुळशीहून येताना चांदणी चौकातून पुण्यात शिरले की डाव्या अंगाला पाषाण राहते. तिथल्या आवारात या संस्थेची अति-सुरक्षित प्रयोगशाळा २०१२ साली उभी राहिली. मात्र मूत्रपिंड रोपण झालेल्या रुग्णाने तिकडे जायचे नसते. त्याच्या तपासण्या मोठ्या रुग्णालयांच्या आणि खाजगी प्रयोगशाळांत होतात.

आपल्या कल्पनेतल्या मुलाला ज्या विषाणूसाठी बोलावले, त्याचे नाव सायटोमेगॅलो व्हायरस. डॉक्टर त्याला नुसते सीएमव्ही म्हणतात. नावाचा अर्थ 'मोठी पेशी'. हा विषाणू शिरलेली पेशी फुगते आणि सूक्ष्मदर्शकाखाली घुबडाच्या डोळ्यासारखी दिसते. नाव ऐकून घाबरायला नको, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात तो आहेच. लहानपणी आईच्या दुधातून, लाळेतून, एकमेकांच्या उष्ट्यातून तो येतो, थोडा ताप येतो किंवा तोही येत नाही, आणि मग तो शरीरात जन्मभर झोपून राहतो. राखणदार जागे असेपर्यंत त्याची हालचाल नसते.

येथे जरा बाजूचे सांगतो, कारण त्यावरून घरोघर विनाकारण रडारड होते. गरोदर बाईच्या 'टॉर्च' नावाच्या तपासणीत सीएमव्हीची आयजीजी प्रतिद्रव्ये 'पॉझिटिव्ह' येतात, आणि सासरची मंडळी हादरून जातात. नुसते आयजीजी आले याचा अर्थ एवढाच की हा विषाणू पूर्वी कधीतरी येऊन गेला. सासूचे रक्त तपासले तर तिचेही बहुधा तेच येईल.

रोपणाआधी मात्र हीच आयजीजी तपासणी देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांची करतात, आणि ती करायलाच हवी. आईच्या शरीरात विषाणू आहे आणि मुलाच्या शरीरात कधी आलेलाच नाही, असे निघाले तर धोका सर्वांत जास्त. मूत्रपिंडाबरोबर विषाणूही जातो आणि तिकडचे राखणदार त्याला ओळखतही नाहीत. दोघांतही आधीपासून असेल तर धोका मध्यम. त्यानुसार व्हॅलगॅनसायक्लोव्हिर नावाची गोळी प्रतिबंध म्हणून साधारण तीन किंवा सहा महिने देतात, किंवा गोळी न देता ठराविक दिवसांनी रक्त तपासत राहतात आणि विषाणू डोके वर काढताना दिसला की औषध सुरू करतात. एकदा रोपण झाले की आयजीजीचे काम संपले. पुढे कितीही वेळा ती केली तरी "आहे" असेच उत्तर येणार, आणि तो आज झोपला आहे की उठला आहे हे ती सांगणार नाही. पाकिटातल्या पंचवीस तपासण्या एकदम करून देणारे पुष्कळ असतात. त्यात ही असली म्हणजे हवी ती तपासणी झाली, असे समजू नये.

गोळ्यांचे महिने संपले की घरच्यांना वाटते, सुटलो. खरी जपण्याची वेळ पुष्कळदा तेव्हाच येते. पहारा उठला की झोपलेला विषाणू उठायला मोकळा होतो. सुरुवातीला माणसाला काहीच वाटत नाही. मग थकवा, अन्नावरची वासना उडणे, जुलाब, बारीक ताप, कधी दम लागणे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. आतडी, फुप्फुसे, यकृत यांना इजा होते, आणि नवे मूत्रपिंड शरीराने झिडकारण्याचा धोकाही वाढतो. रक्तात विषाणू दिसू लागतो तो पुष्कळ वेळा या त्रासाच्या आधी. त्या मधल्या दिवसांत सापडला, तर गोळ्यांवर आटोपते. नंतर सापडला, तर रुग्णालयात पडून शिरेतून गॅनसायक्लोव्हिर घ्यावे लागते. आईने दिलेले मूत्रपिंड वाचते की जाते, हे कधी कधी त्या दिवसांवर ठरते.

पूर्वी हे दिवस गाठणे कठीण होते. विषाणू प्रयोगशाळेत जिवंत पेशींवर वाढवावा लागे, जसे आपण रोप टाकून ते वर येण्याची वाट पाहतो. त्याला दोन ते चार आठवडे लागत आणि तोवर रोगी हातचा जाई. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पांढऱ्या पेशींतला विषाणूचा अंश रंगवून त्या पेशी मोजण्याची युक्ती निघाली. ती चांगली होती, पण रक्त काही तासांच्या आत प्रयोगशाळेत हातात पडावे लागे, आणि पांढऱ्या पेशीच कमी झाल्या असतील तर मोजणार काय?

आजची तपासणी पीसीआरची. कॅरी मुलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९८३ साली ती सुचली आणि १९९३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. तत्त्व सोपे आहे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट आपण ऐकलेली आहे. विषाणूच्या वंशसूत्राचा एक ठराविक तुकडा घेऊन यंत्र त्याचे दोन करते, दोनाचे चार. दहा वेळा दुप्पट केले की एकाचे हजारावर होतात, वीस वेळा केले की दहा लाखांवर, तीस वेळा केले की शंभर कोटींवर. दुप्पट होताना एक रंग चमकतो. मूळ रक्तात विषाणू जास्त असेल तर चमक लवकर दिसते, कमी असेल तर उशिरा. किती फेऱ्यांनंतर चमक दिसली यावरून मूळचा आकडा काढतात. करोनात 'सीटी व्हॅल्यू' म्हणत ती हीच फेऱ्यांची मोजणी.

अहवालात तो आकडा दर मिलीलिटरमागे इतकी आंतरराष्ट्रीय एकके असा येतो. पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेचे माप वेगळे होते. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने सीएमव्हीसाठी एक प्रमाण नमुना ठरवून दिला, तेव्हापासून मापे जवळ आली, पण तंतोतंत एक झाली नाहीत. एका ठिकाणी सबंध रक्त घेतात, दुसरीकडे रक्तातला पातळ भाग, आणि दोहोंचे आकडे जुळत नाहीत. म्हणून दर वेळी एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने तपासावे. दोन वजनकाट्यांवर एकच पोते टाकून भांडण्यात अर्थ नाही. आणखी एक. मागच्या वेळी १,२०० होते, आता २,००० झाले, म्हणून झोप उडवून घेऊ नये. साधारण तिपटीच्या आतला फरक मोजमापातलाच असू शकतो. पण १,२०० चे १५,००० झाले तर विषाणू वाढतो आहे. डॉक्टर एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल बघतात, आणि चाल दिसायला मागचे कागद हवेत. कागद पत्र्याच्या पेटीत, फाइलीत, तारखेप्रमाणे ठेवावेत. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतीसुद्धा ओल धरतात, तेव्हा प्लॅस्टिकची पिशवी वर घालावी.

आता या सगळ्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. समजा तपासणीत त्या मुलाचे क्रिएटिनिन वाढलेले निघाले, म्हणजे नवे मूत्रपिंड कुरकुरू लागले. याची अनेक कारणे असतात, पण दोन अशी आहेत की त्यांचे उपाय एकमेकांच्या नेमके उलट. एक, शरीर मूत्रपिंडाला झिडकारत आहे. तेव्हा गुंगीची औषधे वाढवायची. दोन, बीके नावाचा विषाणू मूत्रपिंडात माजला आहे. हा १९७१ साली लंडनमध्ये मूत्रपिंड बदललेल्या एका रुग्णात प्रथम सापडला आणि त्या रुग्णाच्या नावाची आद्याक्षरेच त्याला चिकटली. तोही आपल्या बहुतेकांच्या शरीरात लहानपणापासून झोपलेला असतो. त्याच्यावर खात्रीचे औषध नाही. उपाय एकच, गुंगीची औषधे कमी करायची आणि राखणदाराला थोडे जागे करायचे. आता बाहेरून पाहता दोन्हींत माणूस सारखाच. ताप नाही, दुखणे नाही, फक्त एक आकडा वाढलेला. अंदाजाने उलटा उपाय झाला तर मूत्रपिंड जाते. बीकेसाठी रक्ताचा पीसीआर करतात, गरज पडली तर मूत्रपिंडाचा सुईने तुकडा घेऊन पाहतात, आणि मग दिशा ठरते. यासाठीच पहिल्या काही महिन्यांत दर महिन्याला आणि पुढे अंतराअंतराने हे रक्त मागतात. "सगळे ठीक असताना पैसे काढतात" असे ज्यांना वाटते त्यांनी या दोन उलट उपायांचा विचार करून पाहावा.

मूत्रपिंडाचीच गोष्ट मोठी झाली, पण इतरांनाही हा फरक लागू पडतो. एचआयव्ही असलेल्या आईचे बाळ घ्या. आईची प्रतिद्रव्ये वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात आणि दीड वर्षापर्यंत राहू शकतात. म्हणून त्या वयात प्रतिद्रव्यांची तपासणी 'पॉझिटिव्ह' आली तरी बाळाला रोग आहे असे ठरत नाही. पुष्कळ बाळांना तो नसतोच. त्यासाठी सहा आठवड्यांचे झाले की टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन जाड कागदावर वाळवतात आणि प्रयोगशाळेत पाठवून खुद्द विषाणू शोधतात. मोठ्या माणसांसाठी एचआयव्हीची मोफत औषधे सरकारने १ एप्रिल २००४ पासून सुरू केली, आणि विषाणूचा आकडा मोजण्याची सोय २०१८ पासून सर्व रुग्णांसाठी केली. आकडा १,००० च्या खाली असला की औषध लागू पडते आहे असे धरतात. वर चढला की आधी गोळ्या चुकल्या का ते विचारतात, कारण बहुधा तेच घडलेले असते.

कर्करोगाच्या औषधांआधी 'कावीळ ब'ची तपासणी करतात तीही याचसाठी. जुनी, विसरलेली कावीळ यकृतात दबा धरून असते. काही औषधांनी राखणदार झोपले की ती उसळते आणि यकृत निकामी करू शकते. आधी कळले तर गोळ्या देऊन तिला रोखता येते.

आता निघण्याची तयारी. या रुग्णाला ताप आला तर जवळच्या दवाखान्यात जाऊन नुसती सुई टोचून घेऊ नये. दुखण्यावरच्या काही गोळ्या मूत्रपिंडाला वाईट, आणि काही प्रतिजैविकांमुळे टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी भलतीच वाढते. आधी रोपण केलेल्या डॉक्टरांना दूरध्वनी करावा. खर्चाचे म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते आणि काय बसत नाही हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे, आणि ते शस्त्रक्रियेच्या आधीच विचारावे. रोपणाचा हिशेब करताना पुढच्या तपासण्यांचे पैसे धरायचे राहून जातात आणि मग म्हैस विकायची वेळ येते.

पीसीआरसाठी रक्त साधारणपणे जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. हिरव्या झाकणाच्या नळीतले हेपॅरिन दुप्पट होण्याची क्रियाच अडवू शकते. रक्त गावाजवळ देऊन पुण्याला पाठवायचे असेल, तर ते केव्हा आणि कसे पोहोचणार हे विचारून घ्यावे. विषाणूच्या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही. पण त्याच खेपेत टॅक्रोलिमसची पातळीही बघतात, आणि ते रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यावे लागते. गावाकडचा माणूस पहाटे उठतो, चहाबरोबर गोळी गिळतो, गाडी पकडतो, आणि ती तपासणी फुकट जाते. तेव्हा त्या दिवशी सकाळची गोळी घरी घेऊ नये. कागदाच्या पुडीत बांधून खिशात ठेवावी, बरोबर पाण्याची बाटली असू द्यावी, आणि रक्त दिल्याबरोबर तिथेच बाकावर बसून घ्यावी.